जुन्या इंग्रजी पुस्तकावरच्या नावामागचा माणूस कसा शोधावा

मुंबईत फोर्टच्या पदपथांवर, पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत, ग्रंथालयांनी रद्दीत काढलेल्या गठ्ठ्यांत अजूनही दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी पुस्तके हाती लागतात. त्यांतल्या बऱ्याच पुस्तकांच्या आतल्या कोऱ्या पानावर तपकिरी पडलेल्या शाईत एखादे नाव असते. कधी सोबत गावाचे नाव आणि वर्ष असते, कधी तेही नसते. हा माणूस कुठल्याही इतिहासग्रंथात नसतो. पण इंग्लंडने सोळाव्या शतकापासून सामान्य माणसांच्या इतक्या नोंदी ठेवल्या आणि त्यांतल्या इतक्या आज घरबसल्या पाहता येतात, की नाव, गाव आणि अंदाजे काळ एवढे हाती असेल तर त्या माणसाचा जन्म, धंदा, लग्न, मुले आणि मरण यांतले बरेच काही सापडू शकते. ते कोणत्या क्रमाने शोधायचे आणि वाटेत कुठे फसायला होते, ते पुढे सांगितले आहे.

आधी पुस्तक नीट पाहा

हात स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोजे घालू नका. त्यांनी बोटांची जाण कमी होते आणि पानाची कड फाटते. पुस्तक सपाट उघडू नका, दोन्ही पुठ्ठ्यांखाली घडी घातलेले पंचे ठेवून ते इंग्रजी व्हीसारखे उघडे ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी आलेली असेल तर मऊ ब्रशने उघड्या खिडकीपाशी बाहेरच्या बाजूने झाडा. चिकटपट्टी कुठेही लावू नका आणि पेन्सिलीच्या खुणा खोडू नका. पेन्सिलीतली किंमतसुद्धा पुरावा असते: २/६ म्हणजे दोन शिलिंग सहा पेन्स. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड आणि एकवीस शिलिंगांची एक गिनी, एवढा हिशेब पाठ असू द्या. पुढे मृत्युपत्रांत आणि जमाखर्चात तो पावलोपावली लागतो.

मग फोटो काढा. पुढच्या पुठ्ठ्याची आतली बाजू, कोरी पाने, शीर्षकपान, त्याची मागची बाजू, शेवटची पाने, आणि समासात जिथे जिथे हाताने लिहिलेले आहे ती प्रत्येक जागा टिपा. खरवडलेले किंवा पुसलेले नाव वाचायचे असेल तर खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी पानाच्या अगदी कडेला, जवळजवळ आडवी धरा. टाकाने कागदावर पाडलेल्या खाचा सावलीमुळे उठून दिसतात. फिकट झालेल्या जुन्या शाईसाठी अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी कामी येते. त्या काळची शाई मायफळ आणि लोहक्षारापासून केलेली असे. ती अतिनील किरण शोषून घेते, त्यामुळे कागद उजळतो आणि अक्षर गडद दिसते. शाई ठळक करण्यासाठी कोणतेही रसायन मात्र लावू नका. एकोणिसाव्या शतकात अशा उपायांनी कितीतरी कागद कायमचे काळे पडले.

शीर्षकपानावरचे वर्ष बहुधा रोमन आकड्यांत असते. एम म्हणजे १०००, डी ५००, सी १००, एल ५०, एक्स १०, व्ही ५. चार हा आकडा कधी चार उभ्या रेघांनी लिहिलेला असतो, त्याने गोंधळू नका. वर्ष फाटून गेले असेल तर अक्षरांकडे पाहा. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये एफसारखा दिसणारा लांब एस असेल, तर पुस्तक बहुतेक १८०० च्या आसपासचे किंवा आधीचे आहे, कारण त्या सुमारास इंग्रज मुद्रकांनी हे अक्षर सोडले. हा एस शब्दाच्या शेवटी येत नाही आणि त्याची आडवी रेघ अर्धीच, डाव्या बाजूला असते. कागद उजेडासमोर धरल्यावर ठरावीक अंतरावर समांतर रेघा दिसल्या तर तो जुन्या पद्धतीच्या साच्यावर केलेला आहे. कापडी बांधणी प्रकाशकाचीच असेल तर पुस्तक १८२० च्या दशकातले किंवा त्यानंतरचे समजा. त्यापूर्वी गिऱ्हाईक आपल्या ऐपतीप्रमाणे चामड्यात बांधून घेई.

पुस्तक पूर्ण आहे का, हेही याच वेळी पाहून घ्या. पानाच्या तळाशी उजवीकडे एकच सुटा शब्द छापलेला असेल तर पुढचे पान त्याच शब्दाने सुरू व्हायला हवे. तसे नसेल तर मधली पाने गेली आहेत. काही पानांच्या तळाशी असलेली ए, बी, सी ही अक्षरे बांधणाऱ्यासाठी असत. ती रोमन वर्णमालेच्या २३ अक्षरांनी मोजत आणि त्यात जे व डब्ल्यू नसतात, तसेच यू आणि व्ही यांतले एकच असते. तेव्हा आयनंतर एकदम के दिसला म्हणून पाने गळली असे समजू नका. १८०० पूर्वीच्या पुस्तकाची इतर कोणत्या ग्रंथालयांत प्रत आहे ते इंग्लिश शॉर्ट टायटल कॅटलॉग या सूचीत मिळते. तिच्यात १४७३ ते १८०० या काळातली छपाई आहे.

अठराव्या शतकातल्या पुस्तकात सुरुवातीला वर्गणीदारांची यादी छापलेली असेल तर ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. पुस्तक छापण्याआधीच पैसे भरणाऱ्यांची नावे, अनेकदा गाव आणि पेशासह, तिथे असतात. गावातला शल्यवैद्य, दारू गाळणारा, एखादी अविवाहित बाई, सगळे एका ओळीत. कोऱ्या पानावरचे नाव या यादीत सापडले तर तुमचे अर्धे काम झाले.

मालकाच्या खुणा

नाव, तारीख आणि गाव तिन्ही एकत्र असतील तर उत्तम. त्याहून सोयीची एकच गोष्ट, ती म्हणजे रविवारच्या शाळेची बक्षीसपट्टी. तिच्यावर मुलाचे नाव, चर्च किंवा शाळा, वर्ष आणि कधी शिक्षकाची सहीसुद्धा असते. मूल साधारण सात ते चौदा वर्षांचे असणार, म्हणजे जन्मवर्षाचा पट्टा लगेच ठरतो.

घराण्याचे चिन्ह असलेल्या ढालीची छापील चिठ्ठी चिकटवलेली असेल तर ढाल मधोमध उभी दुभागली आहे का ते पाहा. तशी असेल तर आपल्या डाव्या हाताला नवऱ्याच्या घराण्याचे चिन्ह असते आणि उजव्या हाताला बायकोच्या माहेरचे. ढालीऐवजी तिरकी, शंकरपाळ्याच्या आकाराची चौकट असेल तर मालकीण अविवाहित किंवा विधवा आहे. हे चिन्ह घराण्याचा पुरावा मानू नका. हक्क नसतानाही मिळत्या आडनावाच्या घराण्याचे चिन्ह वापरणारे पुष्कळ होते.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पुस्तकाचे वर्ष हे मालकाचे वर्ष नव्हे. १७६० सालचे पुस्तक १८६० मध्ये जुन्या बाजारातून घेतलेले असू शकते. अक्षराचे वळण, शाई आणि पत्ता यांवरून मालकाचा काळ वेगळा ठरवा. नावे एकाहून अधिक असतील तर ती काळाप्रमाणे लावा. आडनाव एकच आणि पहिले नाव वेगळे असेल तर पुस्तक घरातच राहिले आहे, आणि तुमच्या हाती एकाऐवजी दोन पिढ्या आल्या आहेत.

हस्ताक्षर वाचणे

अठराव्या शतकानंतरचे हस्ताक्षर थोड्या सवयीने वाचता येते. सोळाव्या-सतराव्या शतकातले कारकुनी वळण मात्र वेगळे शिकावे लागते. मोडी शिकलेल्यांना हा अनुभव ओळखीचा वाटेल: अक्षरे एकदा बसली की वाचन सुरू होते, तोवर एकही ओळ लागत नाही. त्या वळणात ई उलटा काढलेला असतो, एचची शेपटी ओळीखाली जाते, सी हा आर किंवा टीसारखा दिसतो. यू आणि व्ही, तसेच आय आणि जे एकमेकांच्या जागी येतात. शब्दाच्या सुरुवातीला दोन छोटे एफ म्हणजे एकच मोठा एफ. वाय-ई असे दोनच अक्षरांचे लिहिलेले असेल तर ते ‘द’ वाचायचे. तो वाय मुळात थॉर्न नावाचे जुने अक्षर आहे.

नावांची संक्षिप्त रूपे ठरलेली आहेत. जे-एन-ओ म्हणजे जॉन (जोनाथन समजू नका), जे-ए-एस म्हणजे जेम्स, डब्ल्यू-एम म्हणजे विल्यम, टी-एच-ओ-एस म्हणजे थॉमस, सी-एच-ए-एस म्हणजे चार्ल्स, आणि एक्सने सुरू होणारे नाव बहुधा ख्रिस्टोफर.

वाचताना ओळीला ओळ ठेवून उतरवा. लिहिणाऱ्याचे शुद्धलेखन जसेच्या तसे ठेवा, संक्षेप सोडवून लिहिलेली अक्षरे कंसात घाला आणि न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या. अंदाजाने शब्द पुरा करू नका. एकदा लिहिलेला अंदाज पुढे खरा वाटू लागतो आणि मग सगळा शोध त्याच्या मागे भरकटतो. एखादे अक्षर अडले की त्याच हाताने लिहिलेले खात्रीचे शब्द, उदाहरणार्थ महिन्यांची नावे, शोधा आणि त्यांतून त्या माणसाची वर्णमाला तयार करा. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर १५०० ते १८०० या काळातले हस्ताक्षर वाचायला शिकवणारे पाठ मोफत आहेत. ते क्रमाने सोडवा.

तारखांचा घोळ आधी समजून घ्या

इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत सरकारी आणि चर्चचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे १ जानेवारी ते २४ मार्च हे दिवस आधीच्या वर्षात मोजले जात. वहीत १० फेब्रुवारी १६९० लिहिले असेल तर आपल्या हिशेबाने ते १६९१. एखाद्या मुलाचा बाप्तिस्मा एप्रिल १६९० चा आणि दफन फेब्रुवारी १६९० चे दिसले, तर मूल जन्माआधी मेलेले नाही. ते दहा महिने जगले. अशा तारखा १६९०/९१ अशा जोडवर्षाने लिहा.

१७५२ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागले आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. क्वेकर पंथाचे लोक महिन्यांची नावे न लिहिता क्रमांक लिहीत. १७५२ पूर्वी त्यांचा पहिला महिना मार्च होता, नंतर जानेवारी झाला. कायदेशीर कागदांत राजाच्या कारकिर्दीचे वर्ष असते. ते राज्यारोहणाच्या दिवसापासून मोजायचे, जानेवारीपासून नाही.

१८३७ नंतरचा माणूस असेल तर

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, लग्न व मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. (स्कॉटलंडचे दप्तर वेगळे आहे, तिथे ती १८५५ मध्ये सुरू झाली.) १८४१ पासून दर दहा वर्षांच्या जनगणनेत माणसे नावानिशी सापडतात. म्हणून एकोणिसाव्या शतकातला शोध जनगणनेपासून सुरू करा आणि दाखले नंतर विकत घ्या. आधी दाखला मागवला तर चुकीच्या माणसाचा येण्याची शक्यता फार.

फॅमिलीसर्च आणि फ्रीसेन या मोफत संकेतस्थळांवर जनगणनेची बरीच सूची आहे. १८५१ ची जनगणना पहिल्यांदा धरा. तिच्यात घरातल्या प्रत्येकाचे कुटुंबप्रमुखाशी नाते, वय, विवाहित की नाही, धंदा आणि जन्माचे गाव असते. १८४१ च्या जनगणनेत नाते नसते, जन्मगावाऐवजी याच काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, जन्मला का एवढेच होय-नाही असते, आणि पंधराच्या वरच्यांची वये पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती. त्यामुळे ४४ वर्षांचा माणूस ४० चा दिसतो. १९११ ची जनगणना फार मोलाची आहे. घरमालकाने स्वतःच्या हाताने भरलेला कागद तसाच जपलेला आहे, लग्नाला किती वर्षे झाली, किती मुले झाली आणि त्यांतली किती दगावली तेही त्यात आहे. पुस्तकावरच्या सहीशी ताडून पाहायला अस्सल हस्ताक्षर मिळते. १९२१ च्या कागदावर नोकरी देणाऱ्याचे नावही असते. १९३१ ची सगळी जनगणना १९४२ मधल्या आगीत जळाली आणि १९४१ मध्ये युद्धामुळे ती झालीच नाही. ती पोकळी २९ सप्टेंबर १९३९ रोजी घेतलेल्या राष्ट्रीय नोंदवहीने थोडीफार भरून निघते.

नाव सापडत नसेल तर आडनाव सोडून द्या. पहिले नाव, जन्मगाव आणि जन्मवर्ष दोन वर्षे मागेपुढे, एवढ्यावर शोध घ्या. सूची करणाऱ्याने आडनावाचे पहिलेच अक्षर चुकीचे वाचले असेल तर आडनावाने तो माणूस कधीच मिळणार नाही. धाकट्या भावंडाच्या विरळ नावाने शोधणे हाही चांगला मार्ग आहे. जॉन पन्नास असतील, पण त्याची बहीण केझिया असेल तर तीच घर दाखवते.

दाखल्यांची सूची तिमाहीने लावलेली आहे. मार्च तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्चमध्ये नोंद झालेले. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, तेव्हा डिसेंबरात जन्मलेले मूल पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत सापडू शकते. हे दाखले देणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी कार्यालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच्या सूचीत जन्माच्या नोंदीपुढे आईचे माहेरचे आडनाव १८३७ पासून दिसते. जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे. या एका फरकामुळे पैसे न भरता भावंडांचा पूर्ण संच लावता येतो. आईच्या आडनावाची जागा रिकामी असेल तर मूल बहुधा अविवाहित आईचे असते. १८७५ पूर्वी जन्म न नोंदवल्यास दंड नव्हता, म्हणून नोंद नाही म्हणजे माणूस नाही असे धरू नका.

लग्नासाठी फ्रीबीएमडी हे मोफत संकेतस्थळ वापरा. १९१२ पूर्वीच्या सूचीत जोडीदाराचे नाव नसते. पण नोंदीच्या पान क्रमांकावर टिचकी मारली की त्याच पानावरची सगळी नावे येतात. जनगणनेत बायकोचे नाव हॅना असेल आणि त्या पानावर एकच हॅना असेल, तर तिचे माहेर हाती आले.

१८३७ पूर्वीचा असेल तर

आता आधार चर्चच्या वह्यांचा. सप्टेंबर १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीला, बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने लिहून ठेवायचा हुकूम काढला. सुरुवातीच्या वह्या कागदी होत्या. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्या चर्मपत्रावर, निदान एलिझाबेथ राणीच्या पहिल्या वर्षापासून तरी, उतरवून काढायला सांगितले. म्हणूनच कितीतरी वह्या १५५८ पासून सुरू होतात. १५९८ पासून प्रत्येक वर्षाची नक्कल बिशपकडे जाई. मूळ वही उंदरांनी खाल्ली असेल किंवा पान गळले असेल तर ही नक्कल शोधा. दोन्ही उपलब्ध असतील तर दोन्ही पाहा, कारण एकीत नसलेला तपशील दुसरीत असतो. यादवी युद्ध सुरू झालेल्या १६४२ पासून १६६० पर्यंत वह्या तुटक आहेत. त्या खिंडीत अडकला असाल तर मृत्युपत्रांकडे वळा.

२५ मार्च १७५४ पासून लग्नाची नोंद ठरावीक नमुन्यात होऊ लागली आणि वधूवर व साक्षीदार सही किंवा, लिहिता येत नसेल तर, फुलीची खूण करू लागले. पुस्तकावर सही असलेला माणूस लग्नाच्या वहीत फुली करत असेल तर तो बहुधा तुमचा माणूस नाही. साक्षीदारांची नावे न चुकता लिहून घ्या. एकच नाव पानापानावर असेल तर तो चर्चचा कारकून. एकदाच आलेले नाव बहुधा भाऊ किंवा बहीण. १८१३ पासून छापील वह्या आल्या. बाप्तिस्म्यात बापाचा धंदा व राहण्याचे ठिकाण, आणि दफनात वय, या गोष्टी तेव्हापासून नेमाने मिळतात.

इथे सर्वांत जास्त चुका होतात त्या दोन. बाप्तिस्मा म्हणजे जन्म नव्हे; चार भावंडांचे बाप्तिस्मे एकाच दिवशीही झालेले सापडतात. आणि बाप्तिस्मा सापडला की लगेच त्याच नावाचे दफन शोधायला हवे. पहिले मूल गेले की पुढच्याला तेच नाव ठेवायची रीत होती. ज्या मुलाला तुम्ही पुस्तकाचा मालक समजत आहात ते दोन वर्षांचे असताना पुरलेले असू शकते.

ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांचे कागद

श्रीमंतांची चरित्रे लिहिली जातात. पण इंग्लंडच्या दप्तरात सर्वांत जिवंत आवाज सापडतो तो गरिबांचा, आणि तो सापडतो सरकारी कटकटीमुळे. १६६२ च्या वसाहत कायद्याने प्रत्येक माणूस कोणत्या तरी एका पॅरिशचा ठरवला. मदत मागायची वेळ आली तर खर्च त्याच पॅरिशने करायचा. म्हणून दुसऱ्या गावात आजारी पडलेल्या मजुराला किंवा पोटुशी विधवेला दोन न्यायाधीशांसमोर उभे करून विचारत: जन्म कुठला, बाप कुठला, चाकरी कुठे केली, वर्षाला किती पगार, लग्न कधी, कोणाशी, मुले किती. उत्तरे लिहून घेतली जात. एका पानात एका निरक्षर माणसाचे सगळे आयुष्य, गावांच्या आणि मालकांच्या नावांसह. हे वाचताना जो आनंद होतो तो कोणत्याही राजाच्या चरित्राने होत नाही.

हे कागद वाचायचे तर त्यामागचे नियम माहीत हवेत. अविवाहित नोकराने सलग एक वर्ष चाकरी केली, उमेदवारी केली किंवा वर्षाला १० पौंड भाड्याची जागा घेतली तर त्या पॅरिशचा हक्क मिळे. बायकोला नवऱ्याचा मिळे. नोकराचा बोजा आपल्या पॅरिशवर पडू नये म्हणून मालक ५१ आठवड्यांचाच करार करीत आणि वर्ष भरू देत नसत. जबानीत ‘वर्षाला एक आठवडा कमी’ असे आले की त्यामागचे कारण हे. हक्क नाही असे ठरले की हद्दपारीचा हुकूम निघे आणि माणसाला पॅरिशच्या सीमेपर्यंत पोचवून पुढच्या अधिकाऱ्याच्या ताब्यात देत. या जबान्या, हुकूम, अनौरस मुलांच्या पोटगीचे जामीनखत आणि गरिबांवरच्या खर्चाच्या वह्या आता काउंटी अभिलेखागारांत आहेत. खर्चाच्या वहीत बुटांची जोडी, सरपण, कफन अशा बाबी नावासह येतात. पुष्कळ अभिलेखागारांनी या कागदांची नावनिशी सूची केली आहे आणि ती नॅशनल आर्काइव्ह्जच्या डिस्कव्हरी या शोधसूचीतून चाळता येते.

लंडनचा माणूस असेल तर ओल्ड बेली न्यायालयाच्या १६७४ ते १९१३ या काळातल्या खटल्यांचे वृत्तान्त मोफत वाचता येतात. आरोपीपेक्षा साक्षीदार जास्त उपयोगी: कोण कुठल्या गल्लीत राहत होते, कोणाचे दुकान किती वाजता बंद होई, कोणाच्या घरात कोण भाडेकरू होता, हे ते शपथेवर सांगतात.

अनाथ मुलांसाठी थॉमस कोरमने १७३९ मध्ये सनद मिळवलेल्या फाउंडलिंग हॉस्पिटलचे दप्तर हा आणखी एक खजिना. १७४१ पासून तिथे मुले घेऊ लागले. आई पुढे परत आली तर ओळख पटावी म्हणून मुलाच्या नोंदपत्रासोबत अनेकदा कापडाचा तुकडा किंवा एखादी खूण ठेवत. १७६० पर्यंतचे असे सुमारे ५००० तुकडे नोंदींना टाचलेले टिकून आहेत, आणि अठराव्या शतकात सामान्य बायका काय नेसत-वापरत याचा ब्रिटनमध्ये त्याहून मोठा संग्रह नाही. मुलाला आत घेताच नवे नाव दिले जाई, म्हणून अशा मुलाचा माग जन्मनावाने लागत नाही. नोंदपत्राच्या क्रमांकाने लागतो.

मृत्युपत्रे

१२ जानेवारी १८५८ पासून मृत्युपत्रे सरकारी न्यायालयात सिद्ध होऊ लागली आणि त्यांची वर्षवार सूची आहे. तीत मृत्यूची तारीख, पत्ता आणि मालमत्तेची रक्कम असते. त्यापूर्वी हे काम दोनशेहून अधिक चर्च-न्यायालयांत विखुरलेले होते. सर्वांत वरचे कँटरबरीचे न्यायालय. त्याची १३८४ ते १८५८ ची मृत्युपत्रे नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये प्रॉब ११ या मालिकेत आहेत. संकेतस्थळावर खाते उघडले की ती सध्या मोफत उतरवून घेता येतात. १६५३ ते १६६० या काळात सगळ्या देशाची मृत्युपत्रे एकाच न्यायालयात गेली, तेव्हा त्या वर्षांत लहानसहान शेतकऱ्याचे मृत्युपत्रही इथेच शोधा. नंतरच्या काळातला छोटा माणूस मात्र आपल्या धर्मप्रांताच्या न्यायालयात, म्हणजे आता काउंटी अभिलेखागारात, सापडतो.

१८८२ च्या कायद्यापर्यंत विवाहित बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय मृत्युपत्र करता येत नसे. म्हणून बायकांची मृत्युपत्रे बहुतेक विधवांची आणि अविवाहितांची असतात, आणि ती पुरुषांच्या मृत्युपत्रांपेक्षा जास्त तपशीलवार असतात: कोणता झगा कोणत्या भाचीला, कोणते पुस्तक कोणाला. पुस्तकांचा प्रवास शोधायचा तर हीच वाचा. मुलाला एकच शिलिंग ठेवला असेल तर भांडण झाले असे ठरवू नका, त्याला त्याचा वाटा आधीच मिळालेला असू शकतो. जुन्या कागदांत ‘सन-इन-लॉ’ हा सावत्र मुलगाही असतो आणि ‘कझिन’ हा कोणताही नातेवाईक. सोबत मालमत्तेची यादी असेल तर ती खोलीवार असते. कोणत्या खोलीत किती पुस्तके आणि त्यांची किंमत किती, हे तीत मिळते.

हा तोच माणूस आहे का

नाव जुळणे म्हणजे पुरावा नव्हे. एक मोठा कागद घेऊन रकाने आखा: नाव, वय, गाव, धंदा, जोडीदार, सही. प्रत्येक कागदातून मिळालेली माहिती वेगळ्या ओळीत लिहा आणि कागद कुठे मिळाला, त्याचा संदर्भ क्रमांक काय, कधी पाहिला हेही लिहा. निदान तीन रकाने जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यानंतर त्याच नावाचे त्या परिसरातले इतर सगळे शोधून काढा आणि एकेकाला बाद करा: हा लहानपणी वारला, हा दुसऱ्या काउंटीत जनगणनेत दिसतो, हा फुली करतो. बाद करता न आलेला एकजण उरला तर ठीक. दोन उरले तर थांबा आणि दोन्ही शक्यता लिहून ठेवा. शोधूनही काही मिळाले नाही हेसुद्धा नोंदवा, नाहीतर सहा महिन्यांनी तीच वही पुन्हा चाळाल. इतरांनी संकेतस्थळांवर चढवलेल्या वंशावळी फक्त इशारा म्हणून वापरा. एकाची चूक दुसरा उतरवतो आणि दहा ठिकाणी सारखेच दिसले की ते खरे वाटते.

घर कुठे होते हे पाहायला स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने सर्वेक्षण नकाशे मोफत आहेत. जुना आणि आजचा नकाशा शेजारी ठेवता येतो. लेस्टर विद्यापीठाने चढवलेल्या जुन्या व्यापारी निर्देशिकांत गावोगावचे दुकानदार आहेत. दिवाळे निघालेला व्यापारी १६६५ पासून निघणाऱ्या लंडन गॅझेटमध्ये सापडण्याची शक्यता मोठी. पाद्र्यांसाठी १५४० ते १८३५ या काळातली वेगळी मोफत माहितीसूची आहे.

पुस्तक आपल्याकडे कसे आले

आपल्या बाजारात सापडलेल्या पुस्तकांचे मालक बरेचदा इंग्लंडच्या जनगणनेतून अचानक नाहीसे होतात, कारण ते इकडे आले होते. कंपनीच्या आणि नंतर सरकारच्या अखत्यारीतले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने यांच्या नकला दरवर्षी लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत: बंगालच्या एन/१, मद्रासच्या एन/२ आणि मुंबई इलाख्याच्या एन/३ या मालिकेत. मुंबई इलाख्यातला पुणे, अहमदनगर, रत्नागिरी किंवा कराचीचा माणूस एन/३ मध्ये शोधायचा. ब्रिटिश हिंदुस्थानातील कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या फिबिस या संस्थेची सूची मोफत चाळता येते.

आपल्याला एक सोय अशी आहे की जागा जवळ आहे. मुंबईचे १७१८ मध्ये खुले झालेले सेंट थॉमस कॅथेड्रल, पुण्याचे १८२५ सालचे सेंट मेरीज चर्च, शिवडीची दफनभूमी इथल्या शिलालेखांत जन्मगाव, पलटण किंवा खाते आणि मृत्यूचे कारणही कधी कधी कोरलेले असते. शिलालेखाचा फोटो सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात काढा. दगड घासू नका, त्यावर खडू किंवा पावडर लावू नका. पुस्तकात मुंबईच्या किंवा पुण्याच्या विक्रेत्याची, क्लबची किंवा पलटणीच्या ग्रंथालयाची चिठ्ठी असेल तर पुस्तक कधी इकडे आले याची मर्यादा त्यावरून ठरते.

अभिलेखागाराला पत्र

सगळे काही ऑनलाइन नाही. काउंटी अभिलेखागाराला ईमेल लिहिताना आधी त्यांच्या सूचीतून संदर्भ क्रमांक काढा आणि एकाच गोष्टीची विचारणा करा: अमुक पॅरिशच्या अमुक क्रमांकाच्या वहीत १७८० ते १७८५ या काळात अमुक नावाचा बाप्तिस्मा आहे का, प्रतीचा खर्च किती, फोटो पाठवाल का. ‘या माणसाची सगळी माहिती द्या’ अशा पत्राला उपयोगी उत्तर येत नाही. शोधाचे शुल्क तासाच्या हिशेबाने असते, ते आधी विचारा. जन्मतारखेपासून शंभर वर्षे झाली नसतील अशा माणसांची माहिती प्रसिद्ध करू नका.

शोध पुरा झाला की आम्लरहित कागदाच्या एका पट्टीवर पेन्सिलीने मालकाचे नाव, जन्ममृत्यूची वर्षे, गाव आणि संदर्भ क्रमांक लिहून ती पट्टी पुस्तकात ठेवा. पुस्तकाच्या पानावर स्वतः काही लिहू नका. सविस्तर टिपण त्या गावच्या स्थानिक इतिहास मंडळाला पाठवा. मालकाच्या सहीचा आणि शीर्षकपानाचा फोटो जोडायला विसरू नका. त्या गावात कोणीतरी त्याच घराण्यावर काम करत असेल तर पुढचे पत्र तिकडून येते.